समोशावरचा इशारा आणि शेवभाजीची तर्री

जुलै 2025 मध्ये एक बातमी देशभर फिरली: समोसा, जिलबी, वडापाव यांच्यावर आता सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार. नागपूरच्या एम्सचं नाव त्यात होतं, त्यामुळे महाराष्ट्रात ती जास्तच खरी वाटली. शेवटी केंद्र सरकारलाच खुलासा करावा लागला. आरोग्य मंत्रालयाची सूचना सरकारी कार्यालयांत आणि संस्थांत तेल-साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावण्यापुरती होती. एखाद्या ठरावीक पदार्थावर इशारा छापायचा नव्हता. जळगावच्या शेवभाजीची तर्री सुरक्षितच होती. तरी लोकांनी ती बातमी लगेच खरी मानली, कारण लठ्ठपणाबद्दल सरकार बोललं की ते आपल्या ताटात हात घालणार, हे आपण धरूनच चालतो. खरं तर ज्या उपायांनी काही साधलं, ते पदार्थ ताटात पडण्याच्या बरेच आधी झाले.

‘खाणाऱ्याने जीभ आवरावी, सरकारचा काय संबंध?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण आकड्यांपुढे टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 साली जादा वजनाच्या किंवा लठ्ठ स्त्रिया 20.6 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 24 टक्के, पुरुष 18.9 वरून 22.9 टक्क्यांवर गेले. एवढ्या थोड्या वर्षांत सगळ्या देशाचा संयम सुटला, असं कसं म्हणायचं? बदललं ते भोवतालचं अन्न. माणशी वर्षाला 12 किलो तेल पुरेसं मानलं जातं, देशाचा वापर मात्र 19 किलोंच्या आसपास आहे. भरताच्या फोडणीतलं तेल निदान डोळ्यांना दिसतं. फरसाण, केळीचे वेफर्स, बिस्किटं यांतलं दिसत नाही. घरी तेलाचा हात आखडता घेणारी गृहिणी पुडीतलं तेल कसं मोजणार? ते बनवणाऱ्याच्याच हातात असतं. ब्रिटनने 2018 मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार शीतपेयांवर आकार लावला, तेव्हा अनेक कंपन्यांनी तो टाळण्यासाठी पेयातली साखरच कमी केली. गिऱ्हाइकाला उपदेश करावा लागला नाही.

‘कर लावून कोणी खायचं थांबत नाही’ हे अर्धसत्य आहे. मेक्सिकोने 2014 पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि पहिल्याच वर्षी त्यांची खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली. उलट केरळने 2016 मध्ये साडेचौदा टक्क्यांचा ‘फॅट टॅक्स’ आणला तो फक्त ब्रँडेड रेस्तराँतल्या पिझ्झा-बर्गरवर. कोपऱ्यावरच्या तळणाला तो लागूच नव्हता, आणि 2017 मध्ये जीएसटी येताच तो संपला. म्हणजे कर कशावर आणि कोणावर, यावर सगळं अवलंबून आहे. गरिबाला तो जास्त जाचतो हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच तो डाळ-तेलावर न लावता, ज्यावाचून अडत नाही अशा पेयावर आणि तेही बनवणाऱ्याकडून घ्यावा. सप्टेंबर 2025 च्या फेररचनेत शीतपेयांवरचा एकूण कर 40 टक्केच राहिला, पण नमकीन, बिस्किटं, चॉकलेट 5 टक्क्यांवर आली. आरोग्य खातं फलक लावतंय, अर्थखातं पुडी स्वस्त करतंय.

खान्देशात आणखी एक समज आहे: धुळ्याच्या साक्री-शिरपूरकडच्या आदिवासी पाड्यांवर कुपोषण असताना लठ्ठपणाची चर्चा म्हणजे शहरी चोचले. पण स्वस्त, तेलकट, पोषणाला हलकं अन्न दोन्हीकडे पोचतं. एकाच घरात अशक्त मूल आणि जाड आई दिसणं आता नवल नाही. आक्षेपाला बळ देतं ते सरसकट धोरण. 2025 मध्ये शालेय पोषण आहारातलंही तेल दहा टक्के कमी करण्याची सूचना राज्यांना गेली. प्राथमिकच्या मुलामागे तिथे तेल ठरलेलंच 5 ग्रॅम. म्हणजे वाचणार अर्धा ग्रॅम, तोही ज्याला उष्मांकांची गरज आहे अशा पोराच्या ताटातून. दुसरीकडे 2020 च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला मनाई केलेली आहे. फाटकासमोरच्या टपरीवर लटकणाऱ्या पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा याच 50 मीटरांत मोडतात.