वाहनांच्या सुट्या भागांचे पुरवठादार आणि उत्पादकतेच्या मोजमापाचा प्रश्न

महाराष्ट्रातील वाहन उद्योगाचा विचार करताना पिंपरी-चिंचवड, चाकण अथवा वाळूज येथील मोठे कारखानेच डोळ्यांसमोर येतात. वास्तविक वाहनाचे बहुसंख्य भाग बाहेरील पुरवठादारांकडून येतात. या पुरवठादारांची उत्पादकता हा केवळ व्यवस्थापनशास्त्राचा विषय नसून तो कामगारांच्या वेतनाशी आणि लघुउद्योगांच्या अस्तित्वाशी निगडित आहे.

१९९१ नंतर परदेशी वाहन कंपन्यांचे आगमन झाले व गुणवत्तेच्या अपेक्षा उंचावल्या. अनेक भारतीय पुरवठादारांनी जपानी कार्यपद्धती स्वीकारल्या. सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागास १९९८ मध्ये, तर सोना कोयो स्टीअरिंगला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळाले. या पद्धतींचा भर नव्या यंत्रांपेक्षा वाया जाणारा वेळ वाचविण्यावर आहे. प्रेसवरील डाय बदलताना यंत्र बंद राहते. शिगेओ शिंगो यांच्या मांडणीनुसार डाय बदलण्याची जेवढी तयारी यंत्र चालू असताना करता येईल तेवढी आधीच करावयाची. त्यामुळे सेटिंगचा वेळ घटतो, लहान संख्येत उत्पादन परवडते आणि साठ्यात अडकणारे भांडवल कमी होते.

ही वाढ आकडेवारीत कशी उमटते, हा खरा प्रश्न आहे. दर कामगारामागील उलाढाल हे सर्वांत सोपे आणि तितकेच फसवे माप होय. प्लेटिंगचे काम भोसरीतील एखाद्या लहान वर्कशॉपला जॉबवर्क म्हणून दिले, की मूळ कारखान्यातील कामगारसंख्या घटते, उलाढाल तेवढीच राहते आणि कामात कोणताही बदल न होता उत्पादकता 'वाढते'. कंत्राटी कामगार गणनेतून वगळल्यासही हेच घडते. वार्षिक औद्योगिक पाहणीत कंत्राटी कामगारांचा समावेश होतो व मूल्यवर्धनही मिळते, म्हणून ती अधिक विश्वसनीय ठरते.

तथापि मूल्यवर्धनाच्या मापालाही मर्यादा आहे. वाहन कंपन्या पुरवठादाराकडून दरवर्षी दरकपातीची अपेक्षा ठेवतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १० कामगारांचा प्रेस विभाग एका पाळीत १,००० नग तयार करतो. नगाची किंमत १०० रुपये, बाहेरून घेतलेल्या मालाचा खर्च ६० रुपये. म्हणजे मूल्यवर्धन ४०,००० रुपये. सुधारणेनंतर तेच कामगार १,२०० नग काढतात, परंतु किंमत ९५ रुपयांवर येते. मूल्यवर्धन होते ४२,००० रुपये. नगांच्या हिशेबाने उत्पादकता २० टक्के वाढली, रुपयांच्या हिशेबाने अवघी ५ टक्के. किमतीतील ५ टक्क्यांची कपात प्रत्येक नगामागील मूल्यवर्धनाचा साडेबारा टक्के भाग घेऊन जाते. घाऊक किंमत निर्देशांकाने आकडे समायोजित करता येतात. मात्र वाटाघाटीतून ठरलेला विशिष्ट भागाचा दर त्यात नेमका उमटेलच असे नाही. साहजिकच, ज्या पुरवठादाराची सौदाशक्ती कमी, त्याची सुधारणा आकडेवारीत सर्वांत कमी दिसते. त्याला अकार्यक्षम ठरविण्याची घाई अभ्यासकांनी टाळावी.

पुणे परिसरातील उत्पादकतेशी जोडलेल्या वेतनकरारांत हा भेद व्यवहारात उतरतो. नगसंख्या आधार धरल्यास वरील उदाहरणातील कामगार २० टक्के वाढीवर हक्क सांगतील; व्यवस्थापनाच्या हाती मात्र पाळीमागे २,००० रुपयेच अधिक आलेले असतील.