खेळांची नवी चित्रभाषा कां रेंगाळते?

पीसीवरील खेळांत डोंगर, पाऊस, धांवता घोडा असें जें दिसतें, तें ग्राफिक्स कार्ड रेखाटतें. परंतु काय रेखाटावयाचें, हें खेळानें त्याला सांगावें लागतें. या सांगण्याच्या ठरीव भाषेला एपीआय म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स संचांतील डायरेक्ट-थ्री-डी आणि क्रोनॉस संस्थेची व्हल्कन या अशा दोन भाषा. नवी भाषा सरस असली म्हणजे खेळ लिहिणारे ती तत्काळ उचलतील, असें आपणांस वाटेल. तसें घडत नाहीं.

डायरेक्टएक्सची दहावी आवृत्ति पहा. जानेवारी २००७ मध्यें ती विंडोज व्हिस्टाबरोबर बाजारांत आली, आणि विंडोज एक्सपीवर कांहीं केल्या चालेना. लोक तर एक्सपी सोडावयास तयार नव्हते. ज्याला खेळ खपवावयाचा, त्यानें मूठभरांसाठीं कां लिहावें? बहुतेकांनीं नववी आवृत्तिच चालू ठेवली. २००९ सालीं विंडोज ७ बरोबर आलेली अकरावी आवृत्ति पुढें व्हिस्टालाहि मिळाली, व जुन्या कार्डांशींहि तिनें जुळवून घेतलें, ती पसरली. माझ्या मतें यांत गुणांचा भाग थोडा, सोयीचा फार.

पुढची अडचण निराळ्या जातीची निघाली. जुन्या पद्धतींत ड्रायव्हर नांवाचा प्रोग्राम पेढीवरील दिवाणजीसारखा असे. कोणती मेमरी केव्हां मोकळी करावयाची, कोणतें काम कोणाच्या आधीं, हें सारें तोच पाही. मालक निर्धास्त असे खरा. पण बहुतेक हुकूम दिवाणजीच्या एकाच चोपडींतून जात, आणि प्रोसेसरचे बाकीचे कोअर रिकामे बसत. एएमडीनें २०१३ सालीं जाहीर केलेल्या मँटलनें हा कारभार खेळ लिहिणाऱ्याच्याच हातीं दिला. २०१५ ची डायरेक्टएक्स १२ त्याच वाटेनें गेली. २०१६ च्या व्हल्कनचा तर पायाच मँटल. लाभहि दिसला. जुलै २०१६ मध्यें ‘डूम’ या खेळाला व्हल्कनची जोड मिळतांच एएमडीच्या कार्डांवर त्याचा वेग ठळकपणें वाढला.

पण कारभाराबरोबर चुकांची जबाबदारीहि आली. शेडर म्हणजे पृष्ठभागावर रंग व प्रकाश कसा पडावा, हें सांगणारे छोटे प्रोग्राम. प्रत्येक कार्डाच्या यंत्रभाषेंत ते उतरवावे लागतात. ही तयारी आधींच केली नसेल, तर ऐन लढाईंत तें काम निघतें आणि चित्र क्षणभर थबकतें. डिसेंबर २०२२ मध्यें ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ पीसीवर येतांच याच थबकण्याची ओरड झाली, व तातडीनें दुरुस्ती काढावी लागली. मोठ्या संस्थेची ही गत, तर चार माणसांच्या चमूनें जुन्या दिवाणजीवरच भिस्त ठेवली, यांत नवल कसलें? अनरियल किंवा युनिटी असें तयार इंजिन घेणाऱ्यांचें ओझें बरेंच हलकें होतें, एवढेंच.

एक गंमत सांगतों. २०१८ सालीं व्हॉल्व्ह कंपनीनें प्रोटॉन काढलें. विंडोजसाठीं लिहिलेल्या खेळांतील डायरेक्ट-थ्री-डीचे हुकूम तें लिनक्सवर व्हल्कनमध्यें उतरवितें. त्यामुळें ज्यांनीं व्हल्कनचें एक अक्षरहि लिहिलें नाहीं, अशांचे कितीतरी खेळ २०२२ पासून स्टीम डेकवर व्हल्कनमधूनच चालत आले आहेत.