लाईट गेल्यावर यंत्राला काय आठवतं?

अतिदक्षता विभागात लाईट जाते आणि थोड्याच वेळात जनरेटरवर परत येते. मधल्या वेळात नातेवाइकांची नजर पंख्याकडे जाते, परिचारिकेची मात्र सिरिंज पंपाकडे. रक्तदाब टिकवून धरणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन अशाच पंपातून जात असतं. त्याचा असर मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. त्यामुळे पंप थांबला तरी धोका आणि दुप्पट वेगाने चालला तरी धोका.

पंपाचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर नावाची नखाएवढी चिप. तिच्या एका स्मृतीतलं सगळं वीज जाताच पुसलं जातं. दुसरीला ईईप्रॉम म्हणतात. तिच्यातलं वीज नसतानाही टिकतं. औषधाचा वेग, अलार्मच्या मर्यादा अशा गोष्टी जपायच्या असतील, तर त्या इथे लिहाव्या लागतात.

गंमत अशी, की वीज पूर्ण जाण्यापेक्षा ती हळूहळू उतरणं या चिपला जास्त घातक ठरतं. पूर्ण बेशुद्ध रुग्ण खाटेवरून उठत नाही. अर्धवट शुद्धीतला मात्र हातातली सलाइन उपटून काढतो. व्होल्टेज कमी पडलं की चिपचं तसंच होतं. ती आज्ञा चुकीच्या वाचते आणि सांगितलेलं नसताना भलत्याच जागी लिहू शकते.

लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. समजा, तासाला २५.५ मिलिलिटर हा वेग २५५ असा साठवला आहे आणि तो २५.६, म्हणजे २५६ करायचा आहे. एका खणात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, म्हणून २५६ साठी दोन खण लागतात : वरच्यात १, खालच्यात ०. वरचा १ लिहून झाला आणि खालचा जुना २५५ पुसण्याआधी वीज गेली, तर बेरीज होते ५११. म्हणजे तासाला ५१.१ मिलिलिटर! एक खण लिहायला काही मिलिसेकंदच लागतात, पण व्होल्टेज कोसळायलाही तेवढा वेळ पुरतो.

उपाय आहेत, आणि चांगल्या यंत्रांत ते एकावर एक रचलेले असतात. व्होल्टेजवर लक्ष ठेवणारं ब्राउन-आउट डिटेक्टर नावाचं सर्किट ठरावीक पातळीखाली चिपला रिसेटमध्येच धरून ठेवतं. वीज नीट आल्याशिवाय तिला कामाला लागू देत नाही. हाती घेतलेलं लिखाण पुरं करण्याइतकी वीज कपॅसिटरमध्ये राखून ठेवतात. शिवाय नोंदीच्या दोन प्रती असतात. नवी प्रत पूर्ण लिहून तिचा पडताळा-अंक जुळेपर्यंत जुनीला हात लावत नाहीत. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१-२ या मानकात वीज मुद्दाम घालवून चाचणी घेतात. कधी एका आवर्तनापुरती, म्हणजे २० मिलिसेकंद, तर कधी सलग ५ सेकंद.

दोन्ही प्रती बिघडल्या तर? अशा वेळी यंत्राने अंदाज बांधू नये. थांबून मोठ्याने अलार्म द्यावा आणि वेग पुन्हा माणसाकडून भरून घ्यावा. पेसमेकरला ही सोय नाही. त्यावर अवलंबून असलेल्या रुग्णात तो थांबला, तर हृदयाचे ठोकेच थांबू शकतात. म्हणून रेडिओथेरपीच्या किरणांमुळे किंवा शस्त्रक्रियेतल्या विद्युत-चाकूमुळे त्याची स्मृती बिघडलीच, तर तो आधीच पक्क्या ठरवलेल्या साध्या गतीवर जातो. अशा उपचारांनंतर पेसमेकर तपासून घ्यायला सांगतात, ते यासाठीही.

पंपाची बॅटरी चांगली असेल, तर लाईट गेल्याचं चिपला कळतही नाही. पण वर्षानुवर्षं वापरलेल्या पंपांची बॅटरी बऱ्याचदा नावापुरतीच उरते, आणि ते प्लग निघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लाईट आल्यावर पंपाचा हिरवा दिवा पाहून पुढे जायचं नसतं. पडद्यावरचा वेग केसपेपरवरच्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो, प्रत्येक खाटेपाशी.