ग्लासातला ऊस

डिस्टिलरी टूर म्हटलं की आपल्याला स्कॉटलंड आठवतं. धुकं, किल्ले वगैरे! आम्ही चौघांनी मात्र मे महिन्यात गाडी ठरवली ती बारामती-इंदापूरची. पाटस सोडून रोटी घाट ओलांडला, पुढे ऊसच ऊस. माळेगाव काय, सोमेश्वर काय, साखर कारखान्याच्या शेजारीच डिस्टिलरी. काच खाली केली की मळीचा आंबूस वास येतो. आपल्याकडच्या बऱ्याचशा स्वस्त व्हिस्कीत याच मळीचं स्पिरिट असतं, बार्ली नावापुरती. टेस्टिंग-बिस्टिंग विसरा, वासावरच भागवायचं.

इंदापुरात शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी पाहिली. परतताना पळसदेवला थांबलो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात जुनं गाव गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं दगडी देऊळ वर येतं. ड्रायव्हरकाका तिथलेच. "देवळामागं आमचं घर होतं," ते म्हणाले.

"आणि आता?"

"आता याच पाण्यावर भावाचा ऊस हाय की."

डिकीत आमची बाटली होती. काढायचं कुणी नावच घेतलं नाही.

जायचं तर एप्रिल-मेमध्येच जा. पावसाळ्यात धरण भरलं की देऊळ पुन्हा पाण्याखाली.