एक्सपीपासून अकरापर्यंत

विंडोज एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 रोजी संपणार, हे कित्येक वर्षं आधी जाहीर झालं होतं. तरी तो दिवस उजाडला तेव्हा निम्मं जग बेसावध होतं. 2007 मध्ये आलेला व्हिस्टा धंदेवाल्यांना रुचला नाही, आणि ‘चाललंय ना, मग कशाला हात लावा’ म्हणत 2001 ची एक्सपी बारा वर्षं ओढली गेली. ब्रिटिश सरकारला तर आणखी वर्षभराच्या दुरुस्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टला 55 लाख पौंड मोजावे लागले.

आपल्याकडची एटीएमची गोष्ट अधिक बोलकी आहे. एक्सपीवरच्या यंत्रांबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2017 मध्ये बँकांना सावध केलं. काम हलेना, तेव्हा जून 2018 मध्ये टप्पेच बांधून दिले: सप्टेंबरपर्यंत 25 टक्के यंत्रं, डिसेंबरपर्यंत 50, मार्च 2019 पर्यंत 75 आणि जूनपर्यंत सगळी. म्हणजे सपोर्ट संपून पाच वर्षं उलटल्यावर. उशीर झाला खरा, पण तुकड्या पाडून काम करायची ही रीत मला आजही पटते. दहा संगणकांच्या कचेरीलाही ती लागू पडते.

मधल्या काळात, 12 मे 2017 रोजी, वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं. त्याला अडवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. एक्सपीला मात्र ती हल्ल्यानंतर अपवाद म्हणून मिळाली. गंमत अशी, की सगळ्यात जास्त बळी एक्सपीचे नव्हते. ते होते सपोर्ट चालू असलेल्या विंडोज 7 चे, जिथे अपडेट कुणी टाकलेच नव्हते. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या तशाच हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि न्हावाशेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं.

विंडोज 7 ची मुदत 14 जानेवारी 2020 ला संपली, पण ते संक्रमण तुलनेने सुखाचं गेलं. जुन्याच डब्यात रॅम वाढवली, एसएसडी बसवली, की विंडोज 10 धावायचं. याच सुखाने पुढे घात केला. ‘वेळ आली की इंजिनिअरला बोलावू’ हीच योजना होऊन बसली.

विंडोज 11 ऑक्टोबर 2021 मध्ये आलं ते अटी घेऊन: टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. 2016 मध्ये घेतलेला, धडधाकट चालणारा संगणक एका फटक्यात अपात्र ठरला. ज्यांनी त्याच वर्षी यादी केली, त्यांच्या हाती विंडोज 10 ची मुदत संपेपर्यंत, म्हणजे 14 ऑक्टोबर 2025 पर्यंत, चार वर्षं होती. दरवर्षी पाव यंत्रं बदलली, तर खर्च जाणवतही नाही. प्राप्तिकरात संगणकावर 40 टक्के घसारा मिळतो तो वेगळाच. उशिरा जागे झालेल्यांसाठी विकतची मुदतवाढ आहे: धंद्याच्या प्रत्येक यंत्रामागे पहिल्या वर्षी 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. तीन वर्षांचे 427 डॉलर, म्हणजे पस्तीस हजारांच्या वर. तेवढ्यात नवा संगणक येतो.

खरं घोडं अडतं ते मात्र संगणकाबाहेर. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ड्रायव्हर नसलेला वजनकाटा, ज्याची कंपनीच बंद पडली असं बिलिंगचं सॉफ्टवेअर. मराठी छपाईच्या धंद्यात तर पेजमेकर, युनिकोडपूर्व फाँट आणि त्यांचं डोंगल. वीस वर्षांच्या पुस्तकांच्या फायली त्यातच अडकलेल्या. असं एखादं जुनं यंत्र ठेवावं लागलं तर ठेवावं, त्यात मला गैर दिसत नाही. फक्त त्याची नेटची वायर काढावी, फायली नेण्या-आणण्याचा पेनड्राइव्ह दर वेळी तपासावा, आणि हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवावी. दरम्यान जी पुस्तकं पुन्हा छापायची आहेत, ती एकेक करून युनिकोडमध्ये आणायला बसावं. रूपांतर करून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार ती हमखास चुकवतात, तेव्हा मुद्रितशोधकाचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात धरावा.