परवाना शिक्षकाचा की संस्थेचा?

अमेरिकेत शिकवावयास निघालेल्या शिक्षकाच्या पारपत्रावर ‘एच-१बी’ व्हिसा उमटला, की आता त्या देशात कोठेही अध्यापन करावे, असा समज होतो. वस्तुतः अर्ज संस्थेचा असतो आणि मंजुरीही त्याच नोकरीपुरती. २००० सालच्या कायद्याने एक सवलत दिली खरी: तेथे रीतसर नोकरीत असलेल्यास नव्या संस्थेचा अर्ज दाखल होताच तिच्याकडे रुजू होता येते. पण हे औदार्य मोजूनमापून केलेले आहे. विद्यापीठे वार्षिक ८५,००० व्हिसांच्या मर्यादेबाहेर आहेत. सर्वसाधारण शाळा नाहीत. त्यामुळे भारतातून थेट विद्यापीठात गेलेल्या अध्यापकाला शाळेत जावयाचे, तर प्रथम सोडतीत नाव निघावे लागते. राजीनामा दिल्यावर हे उमगले, तर हाती फार तर ६० दिवस उरतात. मुले मात्र तेथल्या शाळेत रुळलेली असतात.