हातात मावणारी युद्धनौका

दिवाळीची सुटी लागली की नगरच्या जुन्या वाड्यांत आणि नव्या सोसायट्यांच्या अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात. दगड, विटा, पोती आणि चिखल यांतून डोंगर तयार होतो, त्यावर अळीव पेरले जातात आणि मग सुरू होतो खरा सोहळा, चित्रे मांडण्याचा. बाजारातून कागदात गुंडाळून आणलेली मातीची चित्रे एकेक करून सोडवली जातात. सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज सर्वांत उंच जागी, महाद्वारावर भालदार, बुरुजावर तोफेशेजारी गोलंदाज, पायथ्याशी गवळण आणि बैलगाडी. कोणाचे तोंड कोणत्या दिशेला असावे, यावरून भावंडांत कडाक्याचे वादही होतात. या वादात एक तत्त्व दडलेले आहे. चित्र कोठे उभे आहे, कोणत्या पवित्र्यात उभे आहे आणि कोणाकडे पाहते आहे, यावरूनच ते काय सांगते हे ठरते.

हाच खेळ जपानमध्ये प्रौढांचा छंद झाला आणि तेथून तो जगभर पसरला. ‘अ‍ॅनिमे’ म्हणजे जपानी चलच्चित्रपट आणि मालिका. त्यांतील पात्रांच्या रेखीव, रंगवलेल्या प्रतिकृतींना ‘फिगर’ म्हणतात. या फिगरच्या दुनियेत एक वेगळीच शाखा आहे, ती युद्धनौकांपासून घडवलेल्या पात्रांची. दुसऱ्या महायुद्धात लढलेली एखादी नौका येथे मुलीच्या रूपात अवतरते. तिच्या पाठीवर तोफांचे बुरूज असतात, कमरेला पाणतीर असतात आणि नाव मात्र खऱ्या नौकेचे असते.

या कल्पनेला मोठी लोकप्रियता मिळाली ती एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘कानताई कलेक्शन’ या जपानी संगणक खेळामुळे. ‘कानताई’ म्हणजे आरमार. त्यापूर्वी २००९ पासून ‘आर्पेजिओ ऑफ ब्लू स्टील’ ही चित्रकथा प्रसिद्ध होत होती. तीतही युद्धनौकांना मानवी रूप दिलेले होते. २०१७ मध्ये चिनी कंपन्यांनी ‘अझूर लेन’ हा मोबाइलवरील खेळ आणला आणि त्यात जपानी नौकांबरोबर ब्रिटिश, अमेरिकी व जर्मन नौकाही आल्या. जहाजाला स्त्रीलिंगी मानण्याची प्रथा इंग्रजीत जुनीच आहे. मराठीतही नौका, होडी, आगबोट ही सारी ‘ती’च. या खेळांनी त्या व्याकरणाला चेहरा दिला.

ही पात्रे मनाला येईल तशी काढलेली नसतात. ‘शिमाकाझे’ ही १९४३ मध्ये दाखल झालेली जपानी विनाशिका. तिचा वेग ताशी ४० नॉटच्या आसपास होता आणि तिच्यावर पाणतीर सोडण्याच्या पाच-पाच नळ्यांचे तीन संच होते. खेळातील शिमाकाझे ही साहजिकच धावण्याच्या वेडाने पछाडलेली मुलगी आहे आणि तिच्या पाठीवर पाच नळ्यांचा संच आहे. ‘यामातो’ या २६३ मीटर लांबीच्या अजस्र युद्धनौकेवर ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा होत्या, तीन बुरुजांत प्रत्येकी तीन. म्हणून यामातो नावाच्या पात्राभोवतीही तीन-तीन नळ्यांचे बुरूज दिसतात. अंगावर चढवलेल्या या शस्त्रसंभाराला जपानीत ‘गिसो’ म्हणतात. गोदीत नौकेचा सांगाडा पाण्यात उतरवल्यानंतर तिच्यावर तोफा, डोलकाठ्या व यंत्रे चढवण्याच्या कामाचा तो मूळ शब्द. ज्याला नौकेचा इतिहास ठाऊक आहे त्याला बाहुलीवरील प्रत्येक खूण ओळखता येते आणि ज्याला ठाऊक नाही तो खुणेवरून इतिहासाकडे जातो.

फिगरचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार एकाच पवित्र्यात घडवलेल्या मूर्तीचा. तिची उंची मूळ पात्राच्या एक-सप्तमांश वा एक-अष्टमांश अशा प्रमाणात असते. दुसरा ‘नेन्दोरॉइड’, म्हणजे मोठे डोके व इवलेसे शरीर असलेली सुमारे १० सेंटिमीटर उंचीची बाहुली. हा प्रकार ‘गुड स्माइल कंपनी’ने २००६ मध्ये आणला. तिसरा ‘फिग्मा’ किंवा तत्सम बाहुल्यांचा. सुमारे १५ सेंटिमीटर उंचीच्या या बाहुलीचे मान, खांदे, कोपर, कंबर, गुडघे असे सर्व सांधे वळतात. मांडणीचा खरा आनंद या तिसऱ्या प्रकारात आहे आणि खरी कसोटीही.

खोका उघडणे हे घाईचे काम नव्हे. टेबल मोकळे करून त्यावर फिकट रंगाचे कापड पसरावे, म्हणजे तोफेची इवली नळी किंवा सुटा पंजा खाली घरंगळत नाही आणि पडला तरी चटकन दिसतो. चिकटपट्टी ओरबाडून न काढता धारदार पात्याने अलगद कापावी. छंदी लोक खोकाही जपून ठेवतात, कारण पुढे बाहुली विकायची झाल्यास खोक्यासह तिला अधिक किंमत येते. आत पारदर्शक प्लास्टिकच्या तबकात प्रत्येक भागासाठी स्वतंत्र खाच असते. भाग काढण्यापूर्वी तबकाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. सहा महिन्यांनी सारे परत ठेवताना कोणता हात कोठे होता, हे आठवत नाही. रंग एकमेकांना लागू नयेत म्हणून केस, गळा, कंबर अशा ठिकाणी पातळ प्लास्टिकचे तुकडे घातलेले असतात. ते आधी काढावेत, नाहीतर सांधा वळवताना अडकून फाटतात आणि त्यांचे कपटे आतच राहतात.

त्यानंतर सांध्यांची ओळख करून घ्यायची. या बाहुल्या मुख्यत्वे पीव्हीसी व एबीएस या दोन प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात. पीव्हीसी थोडे लवचिक, एबीएस टणक. नवा सांधा घट्ट असेल तर जोर लावू नये. केस वाळवण्याच्या यंत्राची मंद ऊब दिली, किंवा तो भाग काही क्षण कोमट पाण्यात धरला, की प्लास्टिक मऊ होते आणि सांधा वळू लागतो. मनगटाची खुंटी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. ती एकदा तुटली की पंजा निरुपयोगी झाला. पंजे बदलताना ते पिळून ओढू नयेत, सरळ रेषेत बाहेर काढावेत.

आता मांडणी. भारतीय शिल्पकारांनी ‘त्रिभंग’ या मुद्रेत जे साधले, तेच येथेही साधायचे असते. मान, कंबर आणि गुडघा यांच्या रेषा एकमेकींना छेद देऊ लागल्या की जड वस्तूत चैतन्य येते. सरळसोट उभी बाहुली दुकानातील पुतळ्यासारखी दिसते. म्हणून प्रथम भार कोणत्या पायावर आहे ते ठरवावे, मग कंबर त्या बाजूला किंचित झुकवावी, खांदे विरुद्ध दिशेला तिरके करावेत आणि नजर कोठे आहे हे पाहून मान वळवावी. हात सर्वांत शेवटी. युद्धनौकेच्या बाहुलीत एक अडचण अधिक असते. पाठीवरच्या तोफांच्या वजनाने ती मागे कलंडते. त्यामुळे आधी बाहुली बैठकीच्या आधारदांडीला जोडावी, तोल पाहावा आणि मगच शस्त्रसंभार चढवावा. काढताना क्रम उलटा. छायाचित्र घ्यायचे असेल तर कॅमेरा बाहुलीच्या कमरेच्या पातळीवर आणावा. वरून घेतलेल्या चित्रात खेळणे दिसते आणि खालून घेतलेल्या चित्रात नौका.

नगरसारख्या कोरड्या, उष्ण जिल्ह्यात या छंदाला हवामानाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या छताखालील खोलीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेल्या बाहुलीचे पातळ भाग मऊ होऊन वाकतात आणि उन्हाने रंग उडतो. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये उष्णतेने, विशेषतः बंद जागेत, हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि बाहुली चिकट लागते. ती बिघडली असे समजून अनेकजण घाबरतात. सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवले आणि हवा खेळेल अशा जागी ठेवले, की चिकटपणा बव्हंशी जातो. धुळीसाठी काचेचे कपाट उत्तम, मात्र ते अधूनमधून उघडून हवा द्यावी आणि आत तापणारा दिवा लावू नये. साफसफाईला मऊ कुंचला पुरतो.

खिशाचा प्रश्नही लहान नाही. मूळ किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढते, त्यामुळे अतिशय स्वस्तात मिळणाऱ्या मालाचा मोह पडतो. अशा मालात बनावटीची शक्यता मोठी असते. डोळ्यांची छपाई सरकलेली, त्वचेला तेलकट चकाकी, सांधे ढिले, खोक्यावर निर्मात्याचे नाव वा शिक्का नाही आणि उघडताच नाकात जाणारा उग्र दर्प, ही त्याची लक्षणे. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. या बाहुल्या लहान मुलांसाठी केलेल्या नसतात. त्यांचे भाग बारीक व टोकदार असतात आणि काही पात्रांचा पेहरावही घरातील कपाटात ठेवण्याजोगा नसतो. विकत घेण्यापूर्वी चित्र नीट पाहणे इष्ट.

परंतु या छंदातील सर्वांत अवघड प्रश्न प्लास्टिकचा किंवा पैशांचा नाही. तो स्मृतीचा आहे. ज्या यामातोची बाहुली हसतमुखाने उभी असते, ती नौका ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे जाताना अमेरिकी विमानांच्या माऱ्यात बुडाली आणि तिच्याबरोबर सुमारे ३,००० माणसे गेली. शिमाकाझे ११ नोव्हेंबर १९४४ रोजी फिलिपिन्समधील ऑर्मोकच्या उपसागरात बुडाली. ‘कानताई कलेक्शन’ खेळात लढाईत बुडालेले पात्र खेळाडूला परत मिळत नाही. हा नियम कठोर असला तरी प्रामाणिक म्हणावा लागेल.

भारतीय वाचकाला तर आणखी एका नावापाशी थबकावे लागते. ‘र्युजो’ हे त्याच खेळातील एक लहानखुरे, बडबडे पात्र. कागदाची गुंडाळी उलगडून त्यावरून ती विमाने उडवते. खरी र्युजो ही जपानची विमानवाहू नौका होती आणि ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम व काकिनाडा या बंदरांवर ज्या विमानांनी बाँब टाकले, ती तिच्यावरूनच उडाली होती. त्या हल्ल्यांत माणसे मेली आणि किनाऱ्यावर घबराट पसरून मद्रासमधून लोक गावोगाव निघून गेले. पुढे २४ ऑगस्ट १९४२ रोजी र्युजो बुडाली, तेव्हा पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. दूरच्या सागरातील ती लढाई आणि नगरच्या तटबंदीतील तो तुरुंगवास एकाच युद्धाची दोन टोके होती.

त्या युद्धाचे पोलाद पाहायचे तर नगरकरांना दूर जावे लागत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या येथील रणगाडा संग्रहालयात सुमारे ५० चिलखती वाहने आहेत. त्यांत ब्रिटिश ‘माटिल्डा’, ‘व्हॅलेंटाइन’ व ‘चर्चिल’ आहेत, जपानी रणगाडेही आहेत आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला ‘पॅटन’ही आहे. नौकांप्रमाणे रणगाड्यांवरही अ‍ॅनिमे निघाले आहे. २०१२ मधील ‘गर्ल्स उंड पान्झर’ या मालिकेत शाळकरी मुली रणगाडे चालवतात आणि चर्चिल रणगाड्यातील दोन मुलींची नावे ‘दार्जिलिंग’ व ‘आसाम’ अशी चहावरून ठेवलेली आहेत. मालिका पाहिलेला मुलगा संग्रहालयातील चर्चिलपुढे उभा राहिला, की पडद्यावर ठेंगणी वाटणारी ती वस्तू केवढी अवजड आहे आणि तिच्या पोटात माणसांना किती थोडी जागा आहे, हे त्याला एका दृष्टिक्षेपात कळते. खेळण्याने जे कुतूहल जागवले, त्याला पोलादाने उत्तर दिलेले असते.

युद्धयंत्राचा अंश घरात असावा ही ओढ केवळ जपानी नाही. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवणारी पहिली ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये तिचे तुकडे होऊ लागले. तिच्या पोलादाचा अंश वापरल्याचे सांगून २०१६ मध्ये बजाज कंपनीने मोटारसायकल बाजारात आणली. एवढी मोठी नौका आपल्याला जपता आली नाही, पण तिचा कण आपल्याजवळ असावा असे अनेकांना वाटले. फिगर जमवणाऱ्याची भावना याहून फार वेगळी नसते.

मग योग्य काय आणि अयोग्य काय? याचे उत्तर दीवच्या किनाऱ्यावर मिळते. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासह गेले आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. दीवच्या स्मारकात त्या खुकरीची छोटी प्रतिकृती आहे, काचेच्या घरात, टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून. तीही प्रतिकृतीच आहे, पण तिला कोणी खेळणे म्हणत नाही. कारण ती कोठे ठेवली आहे, कोणाकडे पाहते आहे आणि तिच्याजवळ काय लिहिले आहे, हे मांडणाऱ्याने विचारपूर्वक ठरवले आहे.

किल्ल्यावर चित्रे मांडणाऱ्या मुलांना हे उपजतच कळते. महाराजांचे चित्र ती कधीही पायथ्याशी ठेवत नाहीत. कपाटात यामातो किंवा शिमाकाझे मांडणाऱ्यानेही एवढे करावे. तिचा पवित्रा जितक्या निगुतीने ठरवला, तितक्याच निगुतीने एका चिठ्ठीवर त्या नौकेचे नाव, ती बुडाल्याची तारीख आणि तिच्याबरोबर गेलेल्या माणसांची संख्या लिहून बैठकीशी ठेवावी. बाहुली तीच राहील. पाहणारा मात्र क्षणभर थांबेल.